आठव्या गीताची डावी बाजू

पापडी, वसई
९ जानेवारी २००६

प्रिय शर्लिन,

तुझे पार्सल नाताळानंतरच्या गुरुवारी पोचले. खोका सुस्थितीत होता. मस्कतच्या ज्या दुकानात तू नोकरी करतेस, तेथील गिऱ्हाइकांसाठी या तीन इअरफोनांवर मी अभिप्राय लिहावा, ही तुझी विनंती दोन अटींवर मान्य करतो. पहिली, मी 'अप्रतिम' किंवा 'स्वर्गीय' असले शब्द वापरणार नाही; ते ऐकणाऱ्याविषयी सांगतात, ऐकलेल्याविषयी काही सांगत नाहीत. दुसरी, कारण दिल्याशिवाय मत देणार नाही. एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. आता सवय बदलणे होणार नाही. कंपन्यांची नावे तू काळ्या चिकटपट्टीने झाकलीस हे योग्य केलेस. मी त्यांना अ, ब आणि क म्हणतो.

'अ'चा खर्ज गरजेपेक्षा जाड आहे. डग्गा शेजारच्या खोलीत वाजतो आहे आणि मधले दार कोणी लावायला विसरले आहे, असे वाटत राहते. 'ब' स्वच्छ आहे, परंतु कोरडा. व्हायोलिनच्या वरच्या स्वरांना धार येते आणि वीस मिनिटांत कान थकतो. 'क' या दोहोंहून वेगळा. त्यात आवाजाला जागा आहे. कोणता वादक कोठे बसला आहे हे डोळे मिटून बोटाने दाखवता येते.

सोबतच्या रबरी टोप्यांविषयी. माझ्या उजव्या कानाला मधल्या आकाराची लागते, डाव्याला लहान. दोन्ही कान सारखे असतात हे मी एकाहत्तर वर्षे गृहीत धरून चाललो होतो. 'क'ची तार कानावरून मागे न्यावी लागते, आणि प्रत्येक बाजूची घडण अशी की ती चुकीच्या कानात बसतच नाही. ही सोय मला पसंत आहे. दोष एवढाच, की तार सदऱ्याला घासली की कानात कोणीतरी रंधा मारू लागते.

परवा एका लग्नात तुझी आई भेटली. बर्थाने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मी तिच्या. दोन्ही प्रकृती ठीक आहेत.

तुझा मामा,
क्लेमेंट


मस्कत
२६ जानेवारी २००६

क्लेमेंट मामा,

तुमचं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. "मधले दार कोणी लावायला विसरले आहे" ऐकून जितेंद्र स्टुलावरून पडायचाच बाकी होता. जितेंद्र म्हणजे आमचा रिपेअरिंगवाला, आपल्याच वसईतल्या एव्हरशाईन सिटीचा. म्हणतो, "शर्लिन, तुझ्या मामांसमोर मी चहाचा घोटसुद्धा आवाज न करता घेईन." मालकांना मी हिंदीत करून सांगितलं. ते म्हणाले, यांना पगारावर ठेवू या.

पण मामा, माणसाच्या आवाजावर तुम्ही एक ओळ लिहिली नाही. गिऱ्हाईक शेवटी तेच विचारतं. म्हणून सोबत एक सीडी पाठवतेय. ओळखा कसली? तुम्ही चालवायचात त्या चर्चच्या कॉयरची, १९९४ सालची नाताळगीतांची कॅसेट! आईच्या ट्रंकेत होती, मागच्या सुट्टीत मी इकडे आणली. जितेंद्रने साफ करून सीडीवर उतरवली. बाराच्या बारा गाणी आहेत. आठवं नीट ऐका. फोमच्या टोप्या आणि कापडाच्या वेष्टनाची नवी तारही ठेवलीय. रंधा बंद होईल.

आणि आता एक विचारते, रागावू नका. दहावीच्या क्लासमुळे मी त्या वर्षी कॉयरमध्ये नव्हते, त्यामुळे मला काहीच माहीत नाही. तुम्ही आईला कॉयरमधून का काढलंत? ती लग्नानंतरसुद्धा राजोडीहून बस पकडून पापडीला गायला यायची. मग एकदम बंद. घरी हा विषय निघाला की ती भांडी घासायला उठते, भांडी नसली तरी. बारा वर्षांत मी तिला गुणगुणतानाही ऐकलं नाही. तुम्ही कारणाशिवाय काही करत नाही. म्हणजे कारण असेलच. मला सांगा.

तुमची,
शर्लिन


पापडी
१८ फेब्रुवारी २००६

प्रिय शर्लिन,

आधी साहित्य. फोमची टोपी बोटांत दाबून कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत स्वस्थ बसायचे. नंतर जग इतके दूर जाते की दारावरची घंटा ऐकू येत नाही; दूधवाला काल दोनदा परत गेला. खर्ज भरतो, वरच्या स्वरांची धार थोडी बोथट होते. नव्या तारेने घासण्याचा आवाज नाहीसा झाला. सीडी अजून लावलेली नाही.

आता तुझा प्रश्न. तू प्रौढ आहेस, तेव्हा उत्तर पूर्ण देतो.

ती कॅसेट आम्ही चर्चमध्येच दोन मायक्रोफोनांवर ध्वनिमुद्रित केली. सात स्त्रिया एका ओळीत माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. एक मायक्रोफोन माझ्या डाव्या हाताला, एक उजव्या. ओळीत तुझी ग्रेसीमामीही होती; माझ्या उजव्या हाताच्या टोकाला तुझी आई, बाकीचा क्रम आता आठवत नाही. कॅसेट तयार होऊन आली तेव्हा आठव्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात एक आवाज स्वराच्या खाली राहत असल्याचे मला आढळले. फरक अल्प होता; सामान्य श्रोत्याला तो कळला नसता. एकत्र गायनात तो कोणाचा, हे आवाजावरून ओळखता येत नव्हते. परंतु घरच्या टेपच्या दोन पेट्यांवर तो नि:संशय उजवीकडून येत होता. उजवीकडे बर्था उभी होती. म्हणून तो आवाज बर्थाचा. या अनुमानात मला तेव्हा छिद्र दिसले नाही.

पुढच्या सरावाला मी हे सर्वांसमोर मांडले. खाजगीत सांगितले असते तर बहीण म्हणून तिला झुकते माप दिले असे झाले असते. मी विचारले, "बर्था, तुला यावर काही म्हणायचे आहे?" ती म्हणाली, "नाय." तिने गीतांची वही हार्मोनियमवर ठेवली आणि ती गेली. प्रतिवाद झाला नाही, हे मी अनुमानाला मिळालेले बळ समजलो. घरी ग्रेसीने मात्र बराच वाद घातला. "बर्थाला परत घ्या," ती म्हणे, "आवाज कोणाचाही असेल." मी पुरावा मागे. तो तिच्याकडे नसे. महिनाभराने गुडघ्यांचे दुखणे सांगून ग्रेसीनेही वृंद सोडला. ती नणंदेसाठी रुसली आहे असे मला वाटले, आणि रुसवा हा युक्तिवाद नव्हे असे मी तिला सांगितले. पुढच्या नाताळात वृंद पूर्ण सुरात गायला. आणखी काय पुरावा हवा होता?

केलेले विधान चुकीचे ठरले तर ज्यांच्यासमोर केले त्यांच्यासमोरच ते मागे घ्यावे, असे मी विद्यार्थ्यांना शिकवले आणि स्वतः पाळले. या बाबतीत तशी वेळ आली नाही. तुझ्या आईचा मला राग नाही आणि कधी नव्हता, हे तिला सांगायला हरकत नाही.

तुझा मामा,
क्लेमेंट


मस्कत
६ मार्च २००६

मामा,

पत्र तीनदा वाचलं. तुमचा राग नाही, हे मी आईला सांगणार नाही. तुम्हीच विचार करा, तिला ते कसं लागेल.

सीडी लावा. 'क' घाला, फोमच्या टोप्या लावून. आठवं गाणं. बाकी आज काही लिहीत नाही.

शर्लिन


पापडी
पवित्र गुरुवार, १३ एप्रिल २००६

प्रिय शर्लिन,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना घेतला. त्यातले तीन आठवडे मी पडताळणीत घालवले. एका दुपारी ऐकून निष्कर्ष काढण्याचा प्रमाद एकदा झाला आहे.

मानवी आवाजाविषयी 'क'चा अभिप्राय असा. तो आवाज जवळ आणतो, परंतु फुगवत नाही. 'अ'मध्ये सात स्त्रियांची एक स्त्री होते. 'ब'मध्ये त्या सातच राहतात, पण त्यांना अंगे नसतात, फक्त तोंडे. 'क'मध्ये प्रत्येकीला गाण्याआधी श्वास घ्यावा लागतो हे समजते. ओळीची सुरुवात होण्यापूर्वी सात श्वास ऐकू येतात, आणि ते एकाच क्षणी घेतलेले नाहीत हेही ऐकू येते.

स्वराखाली राहणारा आवाज डावीकडे आहे.

मी टोप्या बदलल्या, सीडीचा यंत्रसंच बदलला. 'अ' आणि 'ब' घालून ऐकले. शेजारच्या उन्नतीला, ती बारावीला आहे, काही न सांगता 'क' घालायला दिला आणि विचारले, "स्वराच्या थोडी खाली गाणारी बाई कोणत्या बाजूला आहे?" ती म्हणाली, "लेफ्टला, सर. का, परीक्षा आहे का?" तेव्हा मी जुन्या टेपच्या पेट्या भिंतीपासून ओढल्या. त्या लोखंडी कपाटाच्या दोन बाजूंना ठेवलेल्या आहेत. मागे कारखान्याने छापलेली अक्षरे आहेत. डावी पेटी उजवीकडे आहे. हे मीच केलेले आहे, घराला रंग दिला त्या वर्षी. एका पेटीची तार कपाटामागून पलीकडे पोचत नव्हती, म्हणून मी त्यांच्या जागा बदलल्या. पाच मिनिटांचे काम. नंतर ते माझ्या स्मरणात राहिले नाही, आणि चौदा वर्षे त्या पेट्यांवर मी जे जे ऐकले ते उलटे ऐकले. त्याने कोणत्याही गाण्याचे नुकसान झाले नाही. फक्त एका माणसाचे झाले, असे मी आठवडाभर समजत होतो.

मग डावीकडच्या आवाजाकडे लक्ष दिले. दुसऱ्या कडव्याआधी तो श्वास घेतो, आणि श्वासाच्या शेवटी जीभ टाळूपासून सुटल्याचा एक अगदी बारीक आवाज होतो. शर्लिन, हा आवाज मी चौतीस वर्षे ऐकला आहे. सकाळच्या प्रार्थनेला सुरुवात करण्यापूर्वी, आणि मला काही सांगायचे असून सांगावे की नाही हे ठरत नसे तेव्हाही, ग्रेसी असाच श्वास घेई. ती जाऊन पाच वर्षे होतील. मी इअरफोन काढून टेबलावर ठेवले, आणि त्या दिवशी पुन्हा घातले नाहीत.

पुढच्या नाताळात वृंद सुरात गायला तो बर्था गेल्यामुळे नव्हे, ग्रेसीने सोडल्यामुळे. जो पुरावा मी माझ्या बाजूने धरला तो माझ्या विरुद्ध होता.

ईस्टरनंतर मी राजोडीला जाणार आहे. त्यानंतर वृंदातले त्या वेळचे जे हयात आहेत त्यांना बोलावून विधान मागे घेईन.

क्लेमेंट


मस्कत
२४ एप्रिल २००६

मामा,

राजोडीला जाऊ नका. पत्र पोचेपर्यंत उशीर झाला असेल, फोन लावला तर तुम्ही उचलत नाही. कानात ते इअरफोन असतील. मीच पाठवलेत.

मी खोटं बोलले. मालकांनी अभिप्राय मागितलेच नव्हते, आणि आठव्या गाण्यात सूर खाली गेला म्हणून आईला काढलं हेही कॉयरमधल्या एकीकडून मला आधीच कळलं होतं. जितेंद्रने ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, "सुराखाली जाणारी ती बाई लेफ्टला आहे." आईकडे त्या दिवसाचा फोटो आहे, त्यात ती उजव्या टोकाला. मला कळलं की आई निर्दोष आहे. तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता. म्हणून इअरफोन पाठवले. तुमच्या तोंडून कबूल करून घ्यायचं होतं, तुमच्याच पद्धतीने. खूप हुशारी वाटत होती मला. फोटोत डाव्या टोकाची बाई खांबाच्या सावलीत आहे. वाटलं, असेल कोणीतरी, आता नावही कोणाला आठवत नसेल.

ग्रेसीमामी असेल असं मनातही आलं नाही. चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनचा झगा तिने शिवला होता. काल आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला हलकं वाटेल. ती म्हणाली, "कोनी सांगितलं होतं तुला?" आणि फोन ठेवला. आई असा मध्येच फोन कधी ठेवत नाही.

मी काय केलं, मामा?

शर्लिन


पापडी
८ मे २००६

प्रिय शर्लिन,

तुझे पत्र पोचण्याआधीच मी राजोडीला जाऊन आलो होतो. तू जे केलेस ते मी तुझ्या जागी असतो तर केले असते. हे समर्थन म्हणून सांगत नाही, साम्य दाखवतो आहे.

बर्था ओसरीवर कोळंबी सोलत बसली होती. मला पाहून उठली नाही. "शर्लिनने फोन केला, आता तुला पन पाठवला का?" एवढेच म्हणाली. मी उभ्यानेच सर्व सांगितले, पेट्या, तार, डावी बाजू. आपण एखाद्या सभेत बोलतो आहोत असे माझे मलाच वाटले. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "बस, दादा. पेट्यांचं मला तेवा ठाऊक नवतं. आवाज तिचा हे ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तू वही घेऊन उभा राहिलास तेवापासून. त्याच्या आधीपासून. तिला एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं. मला सांगितलेलं, तुला नाय."

"मला का नाही?"

"तू तिला पुराव्यासकट काढलं असतंस म्हनून."

मी म्हणालो की मी विचारले तेव्हा तिने एक शब्द बोलायला हवा होता. "बोलून काय?" ती म्हणाली. "मला काढलंस, मी बस पकडून राजोडीला आले. तिला काढलं असतंस तर ती कुठं गेली असती? तिला तुझ्याच घरात, तुझ्याच समोर बसून जेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी इथं येऊन रडली ती. म्हनाली, मी सांगते त्यांना. मी शपथ घातली, सांगायचं नाय. तरी ती सांगत होतीच ना तुला? रोज सांगत होती. तू ऐकलंस?"

मी विधान मागे घेण्याचा विषय काढला. ज्यांच्यासमोर तिला दोषी ठरवले त्यांना बोलावतो, असे म्हणालो. तेव्हा तिने हातातली कोळंबी खाली ठेवली. "आनि ते विचारतील, मग आवाज कोनाचा. काय सांगशील?"

"सत्य."

"तर मग बारा वर्सं मी गप बसले ती फुकट." ती म्हणाली, "नाय, दादा. हे तुझं तुझ्याकडे राहू दे. मी माझं ठेवलं ना?"

मी पुष्कळ युक्तिवाद केले. ग्रेसी गेली, तिला आता इजा होणार नाही. बर्थावरचा ठपका मात्र रोजचा आहे. न्याय हा हयात माणसांसाठी असतो. ती प्रत्येक वेळी "नाय" म्हणाली, कारण दिले नाही, आणि कारण न देता कोणी माझे म्हणणे खोडू शकते हे मला प्रथमच मान्य करावे लागले. कोणालाही बोलावणार नाही. तूही कोणाला सांगू नकोस, आणि जितेंद्रला सीडीची प्रत नष्ट करायला सांग.

निघताना मी तिला विचारले, ग्रेसीचा श्वास ऐकायचा आहे का. तिने हात धुतले, पदराला पुसले. 'क' मीच तिच्या कानांत बसवला. तिच्या दोन्ही कानांना मधल्या टोप्या लागतात. पिशवीतून नेलेल्या छोट्या सीडी प्लेअरवर आठवे गीत लावले. पहिल्या कडव्यात ती समोरच्या नारळाकडे पाहत होती. दुसऱ्या कडव्याआधी तिने डोळे मिटले, म्हणजे श्वास तिला ऐकू आला असावा. आणि मग, शर्लिन, ती गाऊ लागली.

कान बंद असल्याने आपण मोठ्याने गातो आहोत याची तिला जाणीव नव्हती. कान असे बुजवलेले असता स्वतःचा सूर राखणे कठीण असते. मी तसे प्रयत्न केले आहेत आणि मला ते जमलेले नाही. आवाज खाली उतरला आहे, मध्ये चरे आहेत, लांब ओळीला दम पुरत नाही. तरी प्रत्येक स्वर जागेवर होता. एका ठिकाणी तिचा स्वर किंचित खाली गेला. मी सवयीने मनात चूक टिपली आणि नंतर कळले की ती ध्वनिमुद्रणातल्या ग्रेसीला धरून गाते आहे, तिला एकटी पडू देत नाही आहे. शेजारच्या अंगणातली बाई जाळे खाली ठेवून कुंपणाशी आली. मी तिला हाताने थांबवले.

गीत संपले. बर्थाने एक कान मोकळा केला आणि माझ्याकडे पाहिले.

"काय बघतो रे?"

ती मोठ्याने गात होती हे सांगितले असते तर ती पुन्हा गायली नसती.

"काय नाय," मी म्हणालो. "नववं लावू?"

तुझा मामा,
क्लेमेंट